लीनचा अधिक महिना

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात या महिन्याच्या नावाआधी ‘अधिक’ असं छापलंय. अधिक ज्येष्ठ. हे कॅलेंडर भाऊ दर वर्षी कोकणातून, इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. चौथीनंतर मी जे काही वाचलं त्यात सगळ्यात जास्त हेच असेल. पुढची बाजू, मागची बाजू, पाककृती, राशी, रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा, ज्याचा इथे सौदीत, हुफूफमध्ये मला काही उपयोग नाही.

मागच्या खिडकीतून खजुरीचा मळा दिसतो. घोस लागलेत, पण अजून हिरवे, कडक, कच्च्या सुपारीएवढे. ते पिवळे होतील, मग मऊ पडतील, मग तपकिरी होतील. त्याला अजून बराच उकाडा लागतो. या उकाड्याला इथले लोक खजूर शिजवणारा उकाडा म्हणतात. शिव्या देत नाहीत. चुलीवर काहीतरी ठेवलंय आणि ते व्हायला वेळ लागतोय, असं बोलतात.

हिरवे घोस बघितले की मला मागच्या वर्षीचे पिकलेले आठवतात. मागच्या वर्षी आमच्यात अधिक महिना नव्हता. लीनकडे होता.

लीन म्हणजे आमच्याच मजल्यावर, समोरच्या दाराआड राहणारी चिनी बाई. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर. आठवडाभर तो हफ्र अल बातिनकडे साइटवर असायचा आणि सुट्टीला घरी यायचा. वर्षभर आम्ही दोघी लिफ्टमध्ये भेटायचो आणि दोघीही वरच्या आकड्यांकडे बघत राहायचो. मला वाटायचं, एवढी लाजरी मीच. माझ्यासारखी दुसरी बाई शेजारी उभी आहे हे मला कळलं नाही, कारण मी तिच्याकडे बघतच नव्हते.

दार पहिल्यांदा तिने वाजवलं. मी मशीनवर बसले होते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म उसवून मोठे करणं, असलं काही मी घरी शिवते. दार उघडलं तर लीन. तिने हाताने मशीनचं चाक फिरवल्यासारखं केलं आणि तोंडाने टकटकटक असा आवाज काढला. भिंतीतून तिला तो रोज ऐकू येत असणार. मी मान हलवली. ती आत आली, मशीनशेजारी स्टूल ओढून बसली आणि मी शिवत राहिले. पुष्कळ दिवस असंच चाललं. बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. तिला बाजारापुरती अरबी येत होती, थोडी तोडकी इंग्रजी. मला त्याहून कमी.

तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला कॅलेंडरचा एक जाड गठ्ठा टांगलेला असायचा. दर दिवसाला एक पान, दिवस गेला की फाडायचं. मध्ये मोठा आकडा, आणि खाली दोन गटांत बारीक चिनी अक्षरं, हातशिलाईच्या टाक्यांसारखी. सकाळी चहाच्या आधी ती ते पान वाचायची. उभ्यानेच, केस बांधता बांधता. आज काय करावं एका गटात, आज काय करू नये दुसऱ्या गटात.

सई, माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती. तिने मोबाइलचा कॅमेरा त्या पानावर धरला की अक्षरांची हिंदी व्हायची. लीनच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती बातम्या दिल्यासारखं वाचायची. “शुभ: बिस्तर लगाना, घर बुहारना, मछली पकड़ना. अशुभ: कुआँ खोदना, बाल काटना.” मग माझ्याकडे वळून, “मम्मी, आज कुआँ मत खोदना, ओके?”

आम्ही का हसतोय ते लीनला कळायचं नाही, पण तीही हसायची. पाळायची मात्र सगळं. केस कापायला चांगला दिवस आणि नवऱ्याची सुट्टी एकत्र येईनात, म्हणून तो कानांवर केस घेऊन हिंडायचा. एकदा पानावर, आज कुठलंच काम शुभ नाही, असं निघालं. त्या दिवशी ती सकाळपासून माझ्याकडे येऊन बसली. काहीच करायचं नसेल तर माणसाने कुठेतरी बसायला तर हवं.

“म्हणजे आता एक भटजी चीनचापण?” हे जेवताना म्हणाले. “आधीच तुझे सोमवार, तुझी संकष्टी, तुझी अमावस्या. उरले किती दिवस बाई?”

शनिवारी नवी चप्पल घ्यायची नाही हे यांना कुणी सांगितलं, ते विचारावंसं वाटलं होतं.

मला ते पान आवडायला लागलं. पुढे काय होणार ते त्यात नव्हतं. श्रीमंत व्हाल, परदेश घडेल, असलं काही नाही. आज खाट हलवावी, आज चूल मांडू नये, आज आप्तांना भेटावं, एवढंच. इथे उन्हाळ्यात सगळे दिवस सारखे असतात. खिडक्या बंद, पडदे बंद, एसीची घरघर. बाहेर पांढरं ऊन. सकाळ आणि दुपार यांत फरक राहत नाही. अशा वेळी भिंतीवरचं एक पान सांगतं की आजचा दिवस कालच्यासारखा नाही, आज कापड कापायला चांगला आहे. खरं असो नसो, दिवसाला त्याने एक कड मिळायची.

हो, कापड कापणं हे त्यात वेगळं लिहिलेलं असायचं. सईने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातलं काम थांबवून पुन्हा वाचायला लावलं होतं. एवढ्या मोठ्या देशाच्या पंचांगात माझ्या कामाला जागा होती.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी लीन गठ्ठा खिळ्यावरून काढून माझ्याकडे घेऊन आली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, “सिक्स.” मग पुढची पानं उलटत गेली, पुन्हा बोट ठेवलं. “सिक्स. अगेन.” त्यांचा सहावा महिना संपून पुन्हा सहावाच सुरू झाला होता. मला लगेच कळलं. मी आमच्या कॅलेंडरातल्या अमावस्येचा काळा गोळा तिला दाखवला, तिने तिच्या पानावरचा दाखवला. दोन्ही एकाच सुमारास. महिने दोन्हीकडे अमावस्येच्या आसपासच बदलतात, चंद्र तर तोच. फक्त वर्षाला कमी पडणारे दिवस भरून काढायला कुणी कधी थांबायचं, ते वेगळं. आमचा श्रावण लागला होता आणि त्यांचा आषाढच परत आला होता, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून लीनचा महिना माझ्या एक मागे चालायला लागला. बरोबर चालणाऱ्या दोन बायकांमधली एक वाटेत काही उचलायला वाकली म्हणजे होतं तसं.

तो खजूर उतरण्याचा काळ. समुद्राकडून दमट वारा येतो तेव्हा काचांना बाहेरून घाम फुटतो. गॅलरीतले कपडे दोरीवर वाळण्याऐवजी ओले होतात. मळ्यात घोसांना जाळ्या बांधतात, माणसं कमरेला दोर लावून झाडावर चढतात, आणि सगळ्या गल्लीला गुळाच्या पाकासारखा वास येतो. खालच्या दुकानात टोपल्या येतात. इथला सगळ्यात नावाजलेला खजूर खलास. नावच खलास. आणि काम संपलं, वस्तू संपली, विषय संपला, तरी म्हणायचं खलासच. दूध आहे का? खलास. नळ दुरुस्त झाला? खलास. राहण्याच्या परवान्याचं, इकाम्याचं काम झालं? खलास. इथे आल्यावर मी शिकलेला हा पहिला शब्द. दिवसातून तो इतक्या वेळा कानावर पडतो की त्याला काही अर्थ आहे हेही विसरायला होतं.

त्या दिवसांत लीन कापड घेऊन आली. गडद निळं रेशीम, जड. बरोबर अस्तर, कापूस आणि त्याच रेशमाच्या कापलेल्या लांब पट्ट्या. मोबाइल तिच्या घरी चार्जिंगला होता, सई क्लासला. आमचं आम्हीच बोललो.

“सिस्टर,” ती म्हणाली, “मामा. खलास ड्रेस. दिस मंथ.”

“दिस मंथ खलास?” मी विचारलं.

“येस, येस. दिस मंथ व्हेरी गुड.”

आईचा ड्रेस, या महिन्यात संपवायचा. यात न समजण्यासारखं काय होतं?

तिने कागदावर कोट काढून दाखवला. आत कापूस भरलेला, घोट्यापर्यंत लांब. म्हटलं, चीनमध्ये थंडी असेल. बाह्या तिने इतक्या लांब दाखवल्या की हाताची बोटं झाकली जावीत. मी माझी बोटं हलवून विचारलं, काम कसं करायचं मग?

“मामा नो वर्क,” लीन म्हणाली.

“सुखी आहे बाई,” मी मराठीत म्हटलं.

कापायचा दिवस तिने पान बघून दिला. त्या सकाळी येऊन ती समोर बसली आणि मी कात्री चालवताना श्वास रोखून बघत राहिली. मला वाटलं, रेशीम महाग, म्हणून असेल.

मग मी ते मन लावून शिवलं. गिऱ्हाइकाचं शिवते त्याहून जास्त. शिवताना माझी आईच डोळ्यांसमोर येत होती. आई जन्मभर पुढे गाठ मारायची खणाची चोळी घालत आली. पण आता तिचे हात थरथरतात, गाठ बसत नाही, आणि भावजयीने तिला बटणांचे ब्लाउज घालायला लावले. म्हातारीने बोटांनी त्या पट्ट्या बांधत बसायचं म्हणजे किती त्रास, या विचाराने मी लीनच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. पुढून सुंदर काज केले आणि मोठी बटणं लावली, सहज धरता येतील अशी. आणि आतल्या बाजूला एक खिसा. म्हाताऱ्या बायकांना खिसा लागतो. सुपारी, किल्ली, रुमाल, काहीतरी असतंच.

लीन आली तेव्हा कोट मी खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला होता. सई घरीच होती. लीनने कोटाच्या बाह्यांवरून हात फिरवला, हसली. मग तिची बोटं पहिल्या बटणाशी गेली आणि थांबली. तिने दुसरं बटण बघितलं, तिसरं बघितलं, आत हात घालून खिसा बघितला. आणि तापल्या तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला.

ती रागावली नाही. घरी गेली, मोबाइल घेऊन आली आणि त्यात तोंड घालून बराच वेळ चिनी बोलली. मग मोबाइलमधली बाई हिंदीत बोलली. ती बाई सगळं एकाच सुरात बोलते, पत्ता सांगितल्यासारखं.

“यह कपड़ा माँ के मरने के बाद पहनने का है. बटन से संतान बंद हो जाती है. जेब में घर की बरकत चली जाती है.”

मी तिच्या आईच्या कफनाला खिसा लावला होता.

खलास ड्रेस. गावी कुणी हा शब्द उच्चारला असता तर मला क्षणात कळलं असतं. गावी माणूसच खलास होतो. नळ दुरुस्त होत नाही, दूध संपत नाही, माणूस जातो. लीनने तो शब्द बरोबर माझ्या गावच्या अर्थाने वापरला होता आणि मी तो हुफूफच्या अर्थाने ऐकला. एवढी वर्षं इथे राहून माझाच शब्द माझ्या हातून निसटला होता.

“मम्मी, उसकी मम्मी मर गई?” सईने हळूच विचारलं.

“नाही. जिवंत आहे.”

“तो फिर कपड़े क्यों?”

तेवढ्यात मोबाइलमधल्या बाईने उत्तर दिलं. ब्याही हुई बेटी अतिरिक्त महीने में यह कपड़ा बनाए तो माँ की उम्र बढ़ती है. माँ बीमार है. अगला अतिरिक्त महीना बहुत दूर है.

“जिवंत राहावी म्हणून,” मी सईला म्हटलं.

बटणं काढता येतात, खिसा उसवता येतो. पण काज कापलेले होते. रेशमावरचा कापलेला काज पुन्हा मिटत नाही. पुढचा भाग नव्याने कापायला हवा होता. कापड उरलेलं होतं, दिवस हवा होता. लीनने गठ्ठा आणला आणि आम्ही तिघी त्यावर वाकलो. महिन्याची थोडीच पानं राहिली होती. ती एकेक पान उचलून बघायची आणि मान हलवायची. कापणं नाही. कापणं नाही. प्रवास आहे, कापणं नाही. अगदी शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सातवा महिना लागायचा होता. तो भुतांचा. त्यात असलं काही करत नाहीत.

मी आमच्या कॅलेंडरात तोच दिवस बघितला. श्रावण अमावस्या. चौकोनात बारीक अक्षरांत पिठोरी, आणि त्याखाली मातृदिन.

“घरात?” हे म्हणाले. “श्रावणात? अमावस्येला? अगं, तिन्ही एकदम?”

“तिची आई आजारी आहे.”

“म्हणून आपण कफन शिवायचं?”

मी ताटात भात वाढला. तो कालवत हे म्हणाले, “मशीनवर तरी नको.”

“हातानेच शिवायचं आहे,” मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. या खेपेस लीनने मोबाइलमधल्या बाईकडून सगळं सविस्तर वदवून घेतलं होतं. पुढचा भाग हाताने शिवायचा, धाग्याला गाठ मारायची नाही, उलटा टाका घालायचा नाही. गाँठ से आदमी अटक जाता है, असं ती बाई म्हणाली. माझ्या हाताला सवय अशी की सुई ओवली की बोटं आपोआप गाठ मारतात. त्या दिवशी किती वेळा गाठ मारली आणि कात्रीने उडवली. गाठ नसलेला धागा पहिल्या टाक्यातून सुळकन निघून येतो. त्याचं टोक अंगठ्याखाली दाबून धरावं लागतं, पुढचे काही टाके पडेपर्यंत. मग तो आपला आपण राहतो.

अमावस्येला नवं कापड मी कधी कापलेलं नाही. कात्रीला हात जोडले आणि कापलं. मनात काय आलं म्हणून आता आठवू गेले तर विशेष काही आठवत नाही. भीती वाटेल असं वाटलं होतं. रेशीम कापताना सरळ जातंय की नाही, याकडेच लक्ष होतं. हे आत टीव्ही लावून बसले होते, पण आवाज बंद करून.

पट्ट्या लावून झाल्या तेव्हा बाहेर संध्याकाळची, मगरिबची अजान होत होती. सकाळी मी सईसाठी खीरपुरी करून ठेवली होती. पिठोरीला करतात. आई करायची तेव्हा खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून, मागे न बघता विचारायची, “अतीत कोण?”, म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण, आणि तिच्या मागे उभी राहून मी माझं नाव सांगायची. तेवढा एक दिवस मी मोठ्याने बोलायची. मग ती ताट मागे सरकवायची आणि मी धरायची.

मी ताट डोक्यावर घेतलं. “अतीत कोण?”

“मैं, और कौन?” सई म्हणाली आणि ताट घेतलं.

लीन कोट घडी करत होती. तिने हे बघितलं. तिला काय वाटलं माहीत नाही, पण ती उठून माझ्यामागे सईशेजारी येऊन उभी राहिली. मी दुसरी वाटी घेऊन पुन्हा विचारलं, अतीत कोण? मागून जे उत्तर आलं ते चिनी होतं. मी वाटी मागे दिली.

कोट कुणा जाणाऱ्याबरोबर चीनला गेला. हिवाळ्यात लीनने एक फोटो दाखवला. अंगणात एक बुटकी म्हातारी निळा कोट घालून उभी आहे, बाह्यांतून बोटं दिसत नाहीत, तोंडात दात नाहीत आणि ती हसतेय. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायका कोटाच्या कडेला हात लावून बघतायत, शिवण कशी आहे ते. मी फोटो मोठा करून पुढचा भाग बघितला. सरळ आला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लीनच्या नवऱ्याचं काम खमीस मुशैतला गेलं आणि ती गेली. जाताना त्या अमावस्येचं फाडलेलं पान मला देऊन गेली. ते मी माझ्या कॅलेंडरमागे खोचलंय. समोरच्या दाराआड आता एक इजिप्शियन कुटुंब आहे, त्यांची मुलं जिन्यात फुटबॉल खेळतात. एक सांगायचं राहिलं. आमचा हा अधिक आला, म्हणजे आता आम्ही थांबलो आणि मागे पडलेला लीनचा महिना पुन्हा बरोबर आला. हे कळण्यासाठी मी दोन्हीकडच्या अमावस्या मोजत बसले होते. हे म्हणाले, कुठली परीक्षा आहे?

अधिक महिन्यात लेकीने आईची ओटी भरायची असते. माझ्या लग्नानंतरचे सगळे अधिक इथेच गेले. दर वेळी काहीतरी होतं. कधी इकामा, कधी सईची शाळा, कधी यांची सुट्टी. परवा आईला फोन लावला.

“अधिक आला ना गो बाय,” आई म्हणाली.

“हो.”

“जावयांना अनारसे करायला वहिनीने तांदूळ भिजवले. येताव काय?”

“बघते.”

“बघ. नाय जमलं तर नाय.” मग मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशी म्हणाली, “ट्रंकेत हिरवं लुगडं ठेवलंय हां. वहिनीला दाखवून ठेवलंय. तुझ्या आबांच्या आधी मी गेले तर ते नेसवायचं. मागं राहिले तर वहिनीला होईल. तुला यायला उशीर झाला तर कुणी हुडकत बसायला नको.”

माझ्या आईला खलास ड्रेस शिवायला लेक जवळ नव्हती. तिने तिचा तिनेच ठेवून दिला होता. मला जे येतं तेच विचारलं. “त्यावर चोळी कुठली?”

“चोळी ऱ्हायली गो,” ती म्हणाली. “जुन्या काय आता अंगाला होत नाय.”

फोन ठेवल्यावर मी मशीनवरचं कापड काढलं आणि माझ्या ट्रंकेतला हिरवा खण काढला. कुठलाच दिवस बघितला नाही. मग आठवण झाली म्हणून बघितला, तर चांगलाही नव्हता, वाईटही नव्हता. पुढे गाठ मारायची चोळी कापली. तिला बटण नाही, खिसा नाही. आईच्या हाताने गाठ बसत नाही, तर ती मी मारीन. ओटी भरताना ती घालील, आत्ता, या महिन्यात. पुढे त्याचं काय करायचं ते ती ठरवील.

यांच्या प्लांटवर शटडाउन आहे, रजा नाही. “पुढच्या वर्षी सगळेच जाऊ,” हे म्हणाले.

“पुढच्या वर्षी अधिक नाही.”

“मग काय करणार?”

“मी एकटी जाते.”

यांनी बातम्या वाचणं थांबवून मोबाइल खाली ठेवला. “तू? एकटी? अगं, दम्मामच्या एअरपोर्टवर कुणी काही विचारलं तर तोंड उघडशील का?”

मी मनात तो काउंटर उभा केला. काचेपलीकडचा माणूस, मागे रांग, माझ्या हातात पासपोर्ट. “उघडेन,” म्हटलं.

सईने ते सगळं लीनला कळवलं, मी सांगितलं नव्हतं. तासाभरात लीनने माझ्या जायच्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवला. सईने त्याची हिंदी केली आणि तिचा चेहरा पडला. “मम्मी, अशुभ में फर्स्ट ही लिखा है, यात्रा.” मी काही बोलणार तेवढ्यात लीनचा आवाज आला आणि त्यामागून मोबाइलमधल्या बाईचा. “माँ का घर यात्रा नहीं है.”

“यह तो चीटिंग है,” सई म्हणाली.

असेल. पण पान तिचं आहे, वाचायचं कसं हे तिला माहीत.

आज बॅग भरली. चोळी वरच्या कप्प्यात, नारळ-तांदूळ तिकडचेच घेईन. मध्ये कपड्यांत गुंडाळलेल्या डब्यात मागच्या हंगामातला दाबलेला खजूर, खलासच. आईला दात नाहीत, पण हा तोंडात ठेवला की विरघळतो.

“झालं? पॅकिंग खलास?” यांनी बाहेरून विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

आई नाव विचारील. नव्या वस्तूचं नाव विचारल्याशिवाय ती तोंडात घालत नाही. इथे त्याला काय म्हणतात गो, असं म्हणेल, डबा डोळ्यांजवळ धरील. मी सांगेन, खजूर. खजूरच म्हणतात.